कारण क्रमांक एक

वहिनी : …म्हणजे महिन्याभरात दोनशे चौदा वेळा माझ्यामुळे लाइन बंद पडली, असं तुझ्या त्या रंगीत वर्तुळात आहे?

चिमी : माझ्या नाही गं वहिनी, सिस्टमच्या. आणि हळू बोल. पलीकडे कुणीतरी हात धुतंय.

वहिनी : धुऊ दे. बायकांची कपडे बदलायची खोली आहे ही. इथे तरी मोठ्याने बोलायला परवानगी लागत नाही. लाल रंग केवढा ओतलायस पण! अख्खं वर्तुळ लाल, कडेला नखाएवढी निळी फट.

चिमी : ती निळी म्हणजे 'इतर'.

वहिनी : आणि लाल?

चिमी : 'कामगाराची दिरंगाई.'

वहिनी : दिरंगाई. चौदा वर्षं सहाच्या शिफ्टला पावणेसहाला येते मी. तुझा दादा म्हणतो, तुला कंपनीने पगार नाही, किल्ली द्यायला हवी. आणि दिरंगाई! बरं, ते राहू दे. लाइन बंद पडते ती कशाने पडते, सांग.

चिमी : तुला माहितीये.

वहिनी : मला माहितीये ते मला माहितीये. तुझ्या तोंडून ऐकायचंय.

चिमी : वाफेने. शेजारी बाटल्या धुतात, तिथली वाफ भिंतीवरून इकडे येते. लेबल लावणाऱ्या मशीनच्या डोळ्यावर धुकं बसतं. त्याला समोरची बाटली दिसत नाही, ते थांबतं.

वहिनी : मग?

चिमी : मग तू पुसतेस. दोन मिनिटं.

वहिनी : पिल्लूच्या जुन्या झबल्याने पुसते. कंपनीचं फडकं कसलं, घासणीच ती, काचेवर चरे पाडते. झबल्याचा धागा सुटत नाही. हे बघ, आत्ताही खिशात आहे. तुझ्या लेकीचं झबलं या कंपनीत कामाला आहे, तुझ्या वर्तुळात तिचं नाव नाही ते सोड.

चिमी : वहिनी, पुसून झाल्यावर स्क्रीनवर कारण विचारतात. तिथे तू एक नंबर दाबलास. प्रत्येक वेळी. एक म्हणजे दिरंगाई.

वहिनी : आणि एक नंबर दाबायला कुणी सांगितलं? चिमे, भिंतीला विचारत नाहीये मी.

चिमी : मी सांगितलं.

वहिनी : मी बापडी सात नंबर दाबत होते. 'सेन्सर बिघाड.' खरं तेच. तर लाइनला कुलूप! इंजिनिअर येऊन आपलं कार्ड टेकवेपर्यंत पट्टा हलेना. अख्ख्या कारखान्याला इंजिनिअर दोन, त्यातला एक कायम रजेवर. पाऊण तास आम्ही सहा बायका हात बांधून उभ्या. वरून बोलणी. तेव्हा तू आलीस. गळ्यात कोरं ओळखपत्र, हातात ती पाटी—

चिमी : टॅब्लेट.

वहिनी : तीच. काय म्हणालीस तेव्हा?

चिमी : 'एक दाबा, एकला कुलूप पडत नाही. पुसा, सुरू करा. खरी कारणं मी मागून दुरुस्त करीन.'

वहिनी : शब्दन् शब्द लक्षात आहे की.

चिमी : आहे गं.

वहिनी : म्हणून तर संध्याकाळी पिल्लूला न्यायला आलीस की आधी हिशेब द्यायचे तुला. आज नऊ. आठ वाफेच्या, एकदा लेबलचा रोल संपला. तू वहीत उतरवायचीस. हिरव्या पुठ्ठ्याच्या. पिल्लू त्यात रेघोट्या मारायची म्हणून तू ती माझ्या फ्रिजवर ठेवायचीस. अडीच महिन्यांपूर्वी म्हणालीस, आता पुरे झालं, महिन्याचं सगळं हाताशी आलंय, आणि घेऊन गेलीस. आहे ना ती?

चिमी : आहे. बॅगेत आहे.

वहिनी : अगं मग! मी वेडी, काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या. तीन वाजता चौकशी आहे ना, ठेव ती साहेबांच्या टेबलावर. हातच्या काकणाला आरसा कशाला? पाच मिनिटांत मोकळे. काकू आहे, लांबडी आहे, ती नवी पोर आहे, लाइनवरच्या सगळ्या जणी गेटपाशी थांबल्यात. त्यांना वाटतंय, आता सहाजणींना काढणार.

चिमी : वहिनी, एवढं सोपं नाहीये ते.

वहिनी : वही टेबलावर ठेवणं?

चिमी : ऐकून घे ना. मोठ्या साहेबांनी विचारलं, तिसरी लाइन सगळ्यात जास्त का थांबते, याचा अर्थ लावून दोन पानांत द्या. मी अहवाल लिहिला. खाली तळटीप घातली होती, की एक नंबर सोयीसाठी दाबला जातो, त्यावरून निष्कर्ष काढू नये. माझे सिस्टमचे साहेब म्हणाले, ही ओळ काय करतेय इथे? ही ओळ खरी असेल तर चारही कारखान्यांतले दोन वर्षांचे आकडे कचरा झाले. ते कुलूप त्यांच्याच डोक्यातून आलंय, वहिनी. त्याचं त्यांना बक्षीस मिळालंय.

वहिनी : मग?

चिमी : मग काढली.

वहिनी : त्यांनी?

चिमी : मी. त्यांनी फक्त विचारलं, काढतेस ना?

वहिनी : हं.

चिमी : मला वाटलं, फार तर भिंतीत पंखा बसवतील, ट्रेनिंग देतील. माणसं काढतील असं स्वप्नातसुद्धा…

वहिनी : अर्थ लावायचा होता ना तुला? मग खाली यायचंस. भिंतीवर हात ठेवायचास. ओला झाला असता हात, तोच अर्थ. तुम्ही वर बसून किती वेळा ते मोजलंत. काय झालं ते कुणी विचारलं?

चिमी : तू मला नोकरीत कायम होताना बघायचं म्हणत होतीस ना? याच महिन्यात कागद आहे. पिल्लूच्या बापाचा पत्ता नाही, घरभाडं, पाळणाघर… मी एकटी आहे, वहिनी.

वहिनी : एकटी आहेस? बरं झालं सांगितलंस. मी आपली रोज दुपारी कुणाच्या तरी पोरीला भरवते, मला वाटलं आपलंच कोणीतरी आहे.

चिमी : तसं नाही गं!

वहिनी : चल, पुरे. रडू नकोस, डोळे लाल घेऊन जाशील साहेबांपुढे. तोंडावर पाणी मार. हे बघ, नऊ वर्षांची होतीस मी घरात आले तेव्हा. तुझ्या वेण्या घालून मग माझा अंबाडा. तू माझ्या बाजूने उभी राहशील, मला माहितीये. आत्ता घाबरलीयेस एवढंच. वही आहे ना?

चिमी : आहे.

वहिनी : झालं तर मग.

(दुसऱ्या मजल्यावरची छोटी खोली. टेबलाच्या एका बाजूला चौकशी करणारे मॅनेजर आणि चिमी, दुसऱ्या बाजूला वहिनी.)

मॅनेजर : बसा बाई, बसा. मला सर्दी झालीये, तेव्हा आवाजाकडे दुर्लक्ष करा. तर, तिसऱ्या लाइनच्या प्रमुख तुम्ही?

वहिनी : हो. चार वर्षं प्रमुख. त्याआधी दहा वर्षं त्याच पट्ट्यावर.

मॅनेजर : रेकॉर्ड स्वच्छ आहे तुमचं, ते मी बघितलंय. म्हणूनच कोड्यात पडलोय. एकदा नाही, दोनदा नाही, दोनशे चौदा. एखादा माणूस दोन वेळा चुकतो तेव्हा ती चूक. दोनशे वेळा म्हणजे सवय. दुसरा काही अर्थ लागत असेल तर सांगा, मला ऐकायचंय. खरंच.

वहिनी : साहेब, तुम्ही एकदा खाली चला. दहा मिनिटं. सकाळी आठनंतर बाटल्या धुण्याची खोली तापते तेव्हा. भिंतीवरून पाणी ओघळतं नुसतं. मशीनच्या डोळ्यावर धुकं येतं, ते थांबतं. आम्ही पुसतो, सुरू करतो.

मॅनेजर : मग तशी नोंद करायची ना. सात नंबर आहे त्यासाठी.

वहिनी : सातला कुलूप पडतं.

मॅनेजर : पडू दे. नियम आहे.

वहिनी : दिवसाला नऊ वेळा पाऊण पाऊण तास, साहेब. शिफ्ट आठ तासांची. दिवसभर कुलपाकडेच बघत बसायचं का?

मॅनेजर : हे… हं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नऊ वेळा?

वहिनी : कधी सात, कधी अकरा. म्हणून आम्हाला सांगण्यात आलं, एक दाबा, कारणं मागून दुरुस्त होतील. रोजचा हिशेब मी तोंडी देत होते, तो वहीत लिहिला जात होता. हिरव्या पुठ्ठ्याची वही.

मॅनेजर : कुणी सांगितलं एक दाबायला?

वहिनी : ते… ज्यांनी सांगितलं त्यांना बोलू द्या. इथेच आहेत.

मॅनेजर : मॅडम?

चिमी : सर, सुरुवातीच्या ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना सगळे पर्याय दाखवले होते.

मॅनेजर : ते मॅन्युअलमध्ये आहे, वाचलं मी. एक दाबा असं सांगितलं होतं का?

चिमी : असं… नेमकं असं सांगितल्याचं आठवत नाही.

वहिनी : आठवत नाही?

मॅनेजर : बाई, एक मिनिट. आणि ती वही?

वहिनी : विचारा साहेब. वही विचारा.

चिमी : …

मॅनेजर : मॅडम, अशी काही वही आहे? असेल तर चित्रच बदलतं. मला हा सगळा अहवाल परत पाठवावा लागेल.

चिमी : …नाही सर. माझ्याकडे अशी काही नोंद नाही.

मॅनेजर : नक्की?

चिमी : हो सर.

मॅनेजर : बघा बाई, माझीही अडचण समजून घ्या. एकीकडे दोनशे चौदा नोंदी, तारीख-वेळेसकट. दुसरीकडे तुमचा शब्द. तुमचा शब्द खोटा आहे असं नाही म्हणत मी. पण वर पाठवायला शब्द चालत नाही. आता मला एकच सांगा. या मॅडम तुम्हाला तोंडी हिशेब विचारत होत्या म्हणता, म्हणजे तुमची जवळची ओळख असणार. तुमचं आपसांत काही आहे का? नातं, वाद, काही जुनं?

चिमी : नाही नाही सर. कामापुरती ओळख आहे.

मॅनेजर : बाई? बरोबर आहे?

वहिनी : …

मॅनेजर : पाणी देऊ का?

वहिनी : नको. मॅडम म्हणतात ते बरोबर आहे. कामापुरती.

मॅनेजर : आणि वहीचं?

वहिनी : राहिलं आता वहीचं.

मॅनेजर : मग दोनच रस्ते उरतात. सहाजणींवर चौकशी लावायची, म्हणजे तीन महिने बिनपगारी घरी आणि नंतर काय होईल सांगता येत नाही. किंवा लाइनप्रमुख म्हणून तुम्ही जबाबदारी घ्यायची, राजीनामा द्यायचा, बाकी पाचजणींना नुसती ताकीद. तुमचे सगळे पैसे मिळतील, ते मी बघतो. दोन दिवस विचार करा हवं तर.

वहिनी : गेटपाशी पाचजणी उभ्या आहेत. त्यांना दोन दिवस काय सांगू? द्या कागद. पण राजीनाम्यात 'दिरंगाई' नाही लिहायची.

मॅनेजर : कागदावर नाही लिहीत. पण सिस्टममध्ये कारण भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही हो. इथे यादी आहे, त्यातलंच घ्यावं लागतं. थांबा, 'इतर' टाकून बघतो… छे. 'इतर' टाकलं की खुलासा जोडा, वरची मंजुरी, पंधरा दिवस. तोवर त्या पाचजणीही अडकून पडतील.

वहिनी : मग काय टाकता?

मॅनेजर : पहिलंच. त्याला काही जोडावं लागत नाही.

वहिनी : टाका साहेब.

मॅनेजर : हसताय का?

वहिनी : तुमच्यावर नाही. तुमचं मला कळतंय, म्हणून हसले. सही कुठे करायची?

(संध्याकाळ. वहिनीचं स्वयंपाकघर. आतल्या खोलीत पिल्लू झोपली आहे.)

चिमी : वहिनी.

वहिनी : आत्ताच झोपलीये. भात खाल्ला, दोन वाट्या. एक वाटी पोटात, एक जमिनीवर. दादा आंघोळीला गेलाय.

चिमी : दादाला सांगितलंस?

वहिनी : सांगितलं. नवीन मशीन येतंय, बायका कमी करतायत, म्हातारीचा नंबर आधी लागला. तो म्हणाला, बरं झालं, आता घरी ताटात गरम वाढशील.

चिमी : माझं… माझं नाव नाही घेतलंस?

वहिनी : तुझ्यासाठी नाही झाकलं. त्याला बहीण एकच आहे, ती त्याच्याकडे राहू दे.

चिमी : वही आहे ही. बघ. मी उद्या सकाळी साहेबांकडे जाते. सांगते, सापडली. कपाटात होती म्हणते.

वहिनी : अजून एक खोटं बोलून खरं सांगणार?

चिमी : मग खरंच सांगते. सगळं. जाऊ दे माझी नोकरी.

वहिनी : हे तू आत्ता बोलतेस. सकाळी पोरगी जागी होईल, दूध मागेल, भाडेवाला जिना चढेल, मग बघू. मला आता वाट बघायची नाही, चिमे. आज तीन वाजता बघितली तेवढी पुरे.

चिमी : मी घाबरले होते गं. मॅनेजर समोर बसले होते, माझे सिस्टमचे साहेब फोनवर ऐकत होते—

वहिनी : फोनवर होते?

चिमी : खाली मांडीवर फोन चालू होता माझा. त्यांनीच सांगितलं होतं, चालू ठेव.

वहिनी : अस्सं. म्हणजे तुझ्याही तोंडाला कुलूप होतं.

चिमी : म्हणून म्हणते, मला माफ कर. वहीला नाही म्हणाले ते—

वहिनी : वहीचं मी तुला कधीच माफ केलं. नोकरीपायी माणूस खोटं बोलतं, पोटच्या पोरासाठी तर बोलतंच. उद्या माझ्यावर वेळ आली तर मीही बोलेन. आणि वहीबद्दल विचारलं तेव्हा तू थांबलीस. मी बघत होते. बोटं टेबलावर अशी घट्ट धरलीस. मला वाटलं, पोरीला जड जातंय.

चिमी : जातच होतं!

वहिनी : हो. पण मग त्यांनी विचारलं, यांचं-तुमचं काही आहे का. तेव्हा तू थांबली नाहीस, चिमे. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणालीस. नाही नाही सर. ते मघापासून वाजतंय कानात. भांडी घासली, पोरीला भरवलं, तरी वाजतंय.

चिमी : मला मार दोन थोबाडीत. ओरड. असं शांत नको बोलूस.

वहिनी : ओरडले तर ती उठेल. अर्धा तास लागलाय झोपवायला.

चिमी : मी काय करू सांग. तू सांगशील ते करते.

वहिनी : काही करू नकोस. वही घरी ने, नाहीतर फाडून टाक, तुझं तू बघ. त्या पाचजणी उद्या कामावर जातील, तेवढं झालं. नव्या पोरीला मी शिकवलंय डोळा कसा पुसायचा ते. झबलंही तिलाच दिलं.

चिमी : रडली ती?

वहिनी : सगळ्या रडल्या. लांबडी तर इतकी मोठ्याने, की गेटवाल्याला वाटलं कुणी गेलं. काकू विचारत होती, तुझी कुणी वरची ओळख नव्हती का गं, शब्द टाकायला.

चिमी : काय सांगितलंस?

वहिनी : काय सांगणार? जा आत. हळूच उचल तिला. डाव्या बाजूला धर, उजव्या कानात ठणका आहे तिच्या, आज पाळणाघरातून उशिरा आणली, तेव्हापासून कान धरत होती. औषध दिलंय, रात्री परत एकदा दे.

चिमी : वहिनी, उद्यापासून दुपारी मीच काहीतरी बघते. पाळणाघरात संध्याकाळपर्यंत ठेवतात म्हणे, जास्त पैसे देऊन. तुला त्रास नको. कुठल्या तोंडाने मी तिला…

वहिनी : ते पाळणाघरही बंद कर. दिवसभर ओल्या चड्डीत ठेवतात पोरांना. सकाळीच आणून सोड इकडे. मला आता सहाची शिफ्ट नाही.